१४ किलो उतरले, ८ परत आले

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझी उंची १५७ सेंटीमीटर आहे. दोन वर्षांपूर्वी माझे वजन ७८ किलो होते, रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झाली होती आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला होता. एका आहारवर्गात नाव घालून मी नऊ महिन्यांत ६४ किलोवर आले. त्या काळात स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करत होते. भात, साखर, तळण पूर्ण बंद होते आणि रात्री केवळ सूप घेत होते. वर्ग संपला आणि पुढच्या सव्वा वर्षात ८ किलो परत आले. आज मी ७२ किलोची आहे. पूर्वीइतके मी खरोखरच खात नाही. नणंद म्हणते, ‘वजन म्हणजे रबर, सोडले की जागेवर.’ माझीच इच्छाशक्ती कमी पडली का? तोच आहार पुन्हा तीन महिने काटेकोर करू का? माझी एक मैत्रीण वजनाचे इंजेक्शन घेते आहे, ते मीही घ्यावे का? शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण विचारते : ६४ किलोला शिवून घेतलेले ब्लाउज आता होत नाहीत, ते उसवावेत की वजन उतरेपर्यंत तसेच ठेवावेत?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सगळे आकडे मी एका कागदावर एकाखाली एक लिहून काढले, तेव्हा सर्वांत आधी मला जे दिसले त्याचा पत्रात कुठेही उल्लेख नाही. तुम्ही दोन वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा ६ किलोने खाली आहात. ७८ किलोंतले ६ किलो म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास होतात, आणि रक्तदाब व साखर यांच्या दृष्टीने मूळ वजनात ५ टक्क्यांची घटसुद्धा उपयोगाची मानली जाते. तुम्ही ६४ पासून वर मोजता म्हणून तुम्हाला ८ किलोंचा पराभव दिसतो. मी डॉक्टर म्हणून ७८ पासून खाली मोजते. हे तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. पुढे काय करायचे याचा निर्णय कुठून मोजायला सुरुवात करतो यावर अवलंबून आहे, म्हणून तो हिशेब आधी नीट मांडला.

आता इच्छाशक्तीबद्दल. ज्या बाईने शाळा, घर आणि दोन वेगळे स्वयंपाक सांभाळत नऊ महिने भाताला हात लावला नाही, तिच्या इच्छाशक्तीवर शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. कमी पडली ती माहिती, आणि ती तुमच्यापर्यंत पोचवणे हे वर्ग चालवणाऱ्यांचे काम होते. वजन उतरल्यावर शरीर नव्या वजनाला आपले मानत नाही. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि साठा पुरेसा आहे हे मेंदूला कळवते. चरबी घटली की लेप्टिन घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असाच लावतो. त्याच वेळी जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक वाढते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला जवळचा वाटेल, कारण त्यातील लोकांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी, म्हणजे जवळपास तुमच्याइतकेच उतरले होते. ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांचा आहार देण्यात आला आणि त्यानंतर वर्षभर त्यांच्या रक्तातील ही संप्रेरके तपासण्यात आली. वर्ष उलटून गेले, काही वजन परतही आले, तरी संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती, आणि लोकांनी सांगितलेली भूकही आहार सुरू होण्यापूर्वीपेक्षा जास्तच होती.

याहून बोलका पुरावा एका मधुमेहाच्या औषधातून मिळाला. हे औषध घेणाऱ्यांच्या लघवीतून रोज सुमारे ३६० उष्मांकांची, म्हणजे बोलीभाषेत कॅलरींची, साखर बाहेर पडते आणि ती बाहेर पडते आहे हे त्या माणसाला जाणवतही नाही. त्यांनी आहार ठरवून कमी केलेला नसतो, जिभेशी झगडा नसतो, मन मारणे नसते. तरीही थोडे वजन उतरल्यावर ते उतरणे थांबते, कारण नकळत ते अधिक खाऊ लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून २०१६ साली असा हिशेब मांडला, की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजच्या भुकेची ओढ सुमारे १०० कॅलरींनी वाढते आणि रोजचा खर्च मात्र २० ते ३० कॅलरींनीच कमी होतो. पचनशक्ती मंदावली, अशी तक्रार आपण सर्रास ऐकतो. खरी ओढ भुकेची असते, आणि ती मनाच्या दुबळेपणातून येत नाही, हे त्या औषधाने दाखवून दिले.

‘पूर्वीइतके खात नाही’ हे तुमचे वाक्यही मी पूर्ण खरे मानते, आणि तरीही वजन वाढू शकते. १४ किलोंनी हलक्या झालेल्या शरीराचा रोजचा खर्च वरच्या हिशेबाने २८० ते ४२० कॅलरींनी कमी झालेला असतो. त्यामुळे ७८ किलो असताना जे जेवण होते त्यापेक्षा थोडे कमी जेवलात, तरी ६४ किलोच्या देहाला ते जास्तच होते. यात आणखी एक गणित घालते. परत आलेले आठही किलो चरबीच आहे असे धरले, तरी एका किलोचे साधारण ७,७०० प्रमाणे सव्वा वर्षात शरीरात ६१,६०० कॅलरी साठल्या. दिवसाला भागून पाहा : रोजच्या सुमारे १३५. हा आकडा म्हणजे एक मोठा चमचा तेल. मेजवान्या नाहीत, चोरून खाल्लेली मिठाई नाही. शाळा सुरू झाल्यावर घाईत पडलेली फोडणी, मुलाने टाकून दिलेली अर्धी पोळी, स्टाफरूममधला दुसरा चहा एवढ्यात ते भरून निघते, आणि एवढी वाढ कोणाच्याही लक्षात येत नाही.

तुमच्या नणंदबाईंना मात्र मी पूर्णपणे चूक म्हणणार नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की प्रौढ वयात वजन उतरले तरी चरबीच्या पेशींची संख्या घटत नाही. पेशी केवळ आकसतात. त्या अर्थाने ओढ आहेच. पण रबराला दुसरे टोक धरून ठेवणारा हात नसतो आणि माणसाला असतो, एवढे त्यांना सांगायला हरकत नाही. घरात वाद वाढणार असेल तर तेही सांगू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न : तोच आहार पुन्हा करू का? करू नका. याची दोन कारणे आहेत आणि पहिले शरीराचे आहे. झपाट्याने उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायू आणि तत्सम ऊतींचा असतो, आणि आहारात प्रथिने कमी व व्यायाम नाही अशा स्थितीत तो वाढतो. रात्रीच्या जेवणाला केवळ सूप घेणाऱ्या व्यक्तीला पुरेशी प्रथिने मिळाली असतील असे मला वाटत नाही. वजन परत येताना मात्र ते मुख्यतः चरबीच्या रूपात येते. म्हणजे आजचे तुमचे ७२ किलो आणि उतरताना वाटेत लागलेले ७२ किलो हे काट्यावर सारखे दिसले तरी आतून सारखे नसण्याची शक्यता मोठी आहे. चढउताराची अशी आणखी एक फेरी वयाच्या पन्नाशीकडे जाताना तुम्हाला परवडणार नाही.

दुसरे कारण स्वयंपाकघराचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या आहाराला संपण्याची तारीख असते, त्या आहाराने मिळवलेल्या वजनालाही तीच तारीख असते. तुमच्या वर्गाने नऊ महिन्यांचा तक्ता दिला. दहाव्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी डब्यात काय न्यायचे ते सांगितले नाही. घरच्यांसाठी एक आणि स्वतःसाठी एक असा दुहेरी स्वयंपाक परीक्षेपुरता होतो, जन्मभर होत नाही. दोन वेळाच जेवणे, रात्री काही न खाणे, भात सोडणे, यांपैकी कुठलीही पद्धत वजन उतरवू शकते, आणि त्यांतली कोणतीही मी वाईट म्हणत नाही. परंतु जी पद्धत तुम्ही पाहुणे असताना, आजारी असताना आणि दहावीचे पेपर तपासत असताना पाळू शकत नाही, ती वजन टिकवण्याच्या कामाची नाही.

म्हणून माझा सल्ला ऐकायला थोडा विचित्र वाटेल. पुढचे तीन महिने वजन उतरवायचा प्रयत्नच करू नका. ७२ वर थांबून दाखवा. तुम्ही वजन उतरवण्याचे कसब शिकला आहात, ते टिकवण्याचे कसब तुम्हाला कोणी शिकवलेलेच नाही, आणि ते शिकण्याची चांगली जागा म्हणजे आजचे वजन. तीन महिने काटा ७१ ते ७३ यांच्यामध्ये राहिला, तर त्यानंतर महिन्याला एक किलो, त्याहून जास्त नाही, अशा बेताने ६८ पर्यंत या आणि तिथे पुन्हा तीन महिने थांबा. ६४ पर्यंत जायचे की नाही हे तेव्हा ठरवू. तक्ते पाहाल तर तुमच्या उंचीला भारतीयांसाठीचे योग्य वजन ५७ किलोंच्या खाली दाखवतील. तो आकडा मला माहीत आहे आणि तो तुमच्यापुरता मी बाजूला ठेवते आहे. जे वजन पाच वर्षे राहील असे ६८ किलो मला पाच महिने टिकणाऱ्या ६० पेक्षा जास्त मोलाचे वाटते.

थांबायचे म्हणजे नेमके काय करायचे, तर आधी तेल. तुमच्या घरात महिन्याला किती तेल लागते ते पाहा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पडते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या ताटासाठी तेल-तुपाचा वाटा २७ ग्रॅम धरला आहे. म्हणजे त्याच घराला साडेतीन लिटर पुरायला हवेत, आणि त्यात तूपही आले. एक तारखेला महिन्याचे तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि ती बरणी महिनाभर पुरवा. यासाठी चमचे मोजावे लागत नाहीत, कोणाला उपदेश करावा लागत नाही, आणि फायदा घरातल्या चौघांनाही होतो. रोजच्या त्या १३५ कॅलरींपैकी बहुतेक इथेच मिळतील.

दुसरी गोष्ट प्रथिने. मूत्रपिंडाचा काही विकार नसेल तर वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे वाटीभर वरण खाल्ले की प्रथिने झाली असे समजतात. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, परंतु पातळ आमटीच्या वाटीत डाळ जेमतेम २५ ग्रॅम असते आणि बाकी पाणी. हाती येतात ५-६ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या मुगाच्या किंवा मटकीच्या उसळीत ११-१२, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर दह्यात ५. या आकड्यांवरून ताट लावा. सकाळी शाळेत निघण्यापूर्वी कोरडे पोहे आणि चहा असा नाश्ता असेल तर त्याच्या जोडीला दोन अंडी किंवा मूठभर मोड आलेली कडधान्ये घ्या. दुपारच्या डब्यात भाजीऐवजी घट्ट उसळ असू द्या. रात्री सूप प्यायचेच असेल तर ते जेवणाच्या आधी प्या, जेवणाच्या जागी नको. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा जरूर खा. मात्र तळलेले सुरमईचे तुकडे आणि सुरमईचे कालवण हे एकच अन्न नव्हे.

भात बंद ठेवू नका. सगळ्यांबरोबर तोच भात, एक वाटी, वाटीने वाढून घ्या. भाकरीबद्दलही एक गैरसमज घालवते. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात वजनाला वजन कॅलरी जवळपास सारख्याच असतात. भाकरीचा फायदा असा, की तिला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागत असल्यामुळे कमी खाल्ली जाते. शहरातल्या पोळीभाजी केंद्रात मिळणाऱ्या मोठ्या भाकऱ्या दोन खाल्ल्या तर तोही फायदा राहत नाही.

आणि ज्या गोष्टीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, ती मी विचारते : पातेल्यात उरलेले कोण संपवते? माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या बहुतेक बायका यावर हसतात आणि मग गप्प होतात. वाया जाऊ नये म्हणून उभ्याउभ्या खाल्लेला तो घास ताटात दिसत नाही, म्हणून हिशेबात येत नाही. उरलेले डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी ज्याला द्यायचे त्याला द्या. शक्यतो तुमचे ताटही सगळ्यांच्या पंगतीला वाढून घ्या, मागून नको.

वजन रोज करावे की नाही यावर मतभेद आहेत. मी रोज करा असे सांगेन आणि त्याला आधार आहे. अमेरिकेत रीना विंग यांच्या गटाने वजन उतरवलेल्या ३१४ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना काहीच शिकवले नव्हते, त्यांच्यापैकी ७२ टक्के लोकांचे वजन दीड वर्षात २.३ किलो किंवा त्याहून जास्त वाढले. ज्यांना रोज वजन करून, आकड्याप्रमाणे वेळीच आवर घालायला प्रत्यक्ष भेटीत शिकवले, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते. त्यांनी सिग्नलचे तीन रंग वापरले होते, आणि मी ते तुमच्यासाठी किलोंत बसवून देते. ७२ च्या वर दीड किलोपर्यंत हिरवा, काही करायचे नाही. दीड ते सव्वादोन किलोंपर्यंत पिवळा : आठवडाभर ताट लिहून काढायचे आणि कुठे सैल पडले ते पाहायचे. सव्वादोनच्या वर लाल : आता महिनाभर थोडे कडक राहायचे आणि मदत मागायची. ८ किलो वाढेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा २ किलोंवर जागे होणे सोपे असते, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र आहे.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करा आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे राखीव साखरेबरोबर, सुमारे ३ ग्रॅम पाणी असते, खारट खाल्ले की पाणी साठते, पाळीच्या आधी साठते. लग्नातले जेवण जेवून दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढल्याचे दिसले तर त्यात चरबी फारच थोडी असते. आठवड्याची सरासरी काढा आणि तिच्याकडे पाहा. मात्र सकाळच्या आकड्यावरून दिवसभराचा मूड ठरू लागला, किंवा आकडा वाढला म्हणून जेवण टाळण्याची इच्छा होऊ लागली, तर काटा माळ्यावर टाका आणि महिन्यातून दोनदा केवळ कंबर मोजा.

कंबर तशीही मोजाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर काढलेले एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचाही उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपला सडपातळ दिसणारा माणूसही आतून चरबीदार असू शकतो, हे सांगायला एवढे एक छायाचित्र पुरले. भारतीय स्त्रियांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असे मानतात. व्यायाम सुरू केल्यावर वजन जागचे हलत नसताना कंबर कमी होते, असे पुष्कळदा घडते, आणि ती प्रगती काट्याला कळत नाही.

व्यायामाचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाही आलेला नाही. वजन उतरवण्यात व्यायामाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून लहान असतो. पाऊण तास भरभर चालून खर्च केलेले एका वडापावात भरून निघते आणि वर उरते. पण वजन टिकवण्यात हाच वाटा मोठा होतो. अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली, जिच्यात किमान १३.६ किलो वजन उतरवून ते किमान एक वर्ष टिकवलेल्यांची नावे घातली जातात. आता तिच्यात १०,००० हून अधिक लोक आहेत. त्यांच्यातील दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुसंख्य आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि आठवड्यात दहा तासांपेक्षा कमी वेळ दूरचित्रवाणी पाहतात. ही मंडळी स्वतःहून नाव घालणारी, म्हणजे जिंकलेली मंडळी आहेत, त्यामुळे त्यांच्या सवयी म्हणजे हमखास उपाय असे मी म्हणत नाही. पण त्याच नोंदवहीतून कळलेली एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी अशी आहे : दोन वर्षांहून अधिक काळ वजन टिकले, की पुढे ते परत येण्याचा धोका बराच कमी होतो. म्हणजे हा पहारा आज जितका जड वाटतो तितका तो कायम जड राहत नाही.

तुम्ही आज काहीच करत नसाल, तर पहिल्या महिन्यात रोज अर्धा तास चाला आणि हळूहळू आठवड्याला २५० मिनिटांपर्यंत या. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच, कारण गेलेले स्नायू चालून परत येत नाहीत. व्यायामशाळेत जायचा संकोच वाटत असेल तर घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, दोन्ही हातांत लिटरभर पाण्याच्या बाटल्या घेऊन डोक्यावर उचलणे, यांपासून सुरुवात करा आणि जमेल तसे वजन वाढवत न्या. गुडघे दुखत असतील तर आधी ते दाखवून घ्या. शाळेत दिवसभर उभी असते, एवढा व्यायाम पुरत नाही का, असा प्रश्न शिक्षिका हमखास विचारतात. पुरत नाही.

सणांबद्दल थोडक्यात सांगते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोव्हेंबर ते जानेवारीच्या सणांत लोकांचे वजन सरासरी अर्ध्या किलोहूनही कमीच वाढले होते. अडचण अशी, की ते पुढच्या वर्षभरात उतरलेच नाही. आपल्याकडे तो काळ श्रावणापासून संक्रांतीपर्यंत चालतो, आणि त्यात उपवास आले म्हणजे खाणे कमी झाले असे समजू नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात कूट आणि तूप. एकादशीची ती एक बशी साध्या जेवणापेक्षा भारी पडते. गौरीच्या जेवणाला पुरणपोळी खा, तुपासकट खा. तो एक दिवस आहे. फराळाचे डबे मात्र दिवाळी संपली की घरात ठेवू नका, कारण वजन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाढत नाही, ते नंतरच्या पंधरवड्यात चहाबरोबर वाढते.

इंजेक्शनचा विचार करण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी तपासून घ्या. थायरॉइडची तपासणी करा. पाळी अनियमित झाली असेल तर ते सांगा, कारण रजोनिवृत्तीच्या आसपास चरबी पोटाकडे सरकते आणि झोप बिघडते. दोन वर्षांत सुरू झालेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवा. स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधे, मधुमेहाची काही औषधे वजन वाढवतात. साखर आणि रक्तदाबही पुन्हा पाहा.

आता इंजेक्शन. टिर्झेपटाइड हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही औषधे परिणामकारक आहेत, आणि ती घेणे म्हणजे फसवणूक किंवा आळस आहे असे मी मुळीच मानत नाही. आधी ज्या भुकेच्या ओढीबद्दल लिहिले, तिच्यावरच ती काम करतात. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक ३० च्या वर असलेल्यांना, किंवा २७ च्या वर असून रक्तदाबासारखा विकार असलेल्यांना ती देण्याचा विचार होतो. तुमचा आजचा निर्देशांक २९.२ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला तुम्ही पात्र आहात. पण तुमचा मूळ प्रश्न वजन परत येण्याचा आहे, आणि तो इंजेक्शनने सुटत नाही, पुढे ढकलला जातो. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणून औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, की ते किती वर्षे घ्यायचे, महिन्याचा खर्च किती आणि थांबवायचे झाले तर कसे थांबवायचे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तर ते आवर्जून सांगा. मैत्रिणीची मात्रा पाहून किंवा तिच्या इंजेक्शनच्या पेनमधून घेऊ नका. माझे मत विचाराल तर ७२ वर थांबण्याचे तीन महिने आधी होऊ द्या. मग रक्तदाब किंवा साखर ऐकत नसेल तर इंजेक्शनचा पर्याय खुला आहेच.

राहिला ब्लाउजचा प्रश्न, आणि तो मला अजिबात हास्यास्पद वाटला नाही. उसवा. कपाटातला न होणारा ब्लाउज रोज सकाळी तुम्हाला ८ किलोंची आठवण करून देणार, आणि तुम्ही तयार होऊन शाळेत जायच्या ऐवजी हिरमुसून जाणार, त्यापेक्षा आज अंगाला नीट बसतील असे कपडे घाला. जाणत्या शिंप्याने शिवले असतील तर बाजूच्या शिवणीत बोटभर माया सोडलेली असेल. टीप उसवून तेवढीच बाहेर घ्यायला सांगा, आणि आतली माया कापू देऊ नका.